सीआयटेक्स्ट काढताना: ग्रंथालय प्रणालीतील तीन कॉलमांच्या प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२५

पुण्यातील एका ग्रंथालयाची सभासद-नोंदणी आणि ग्रंथसूची सांभाळणारी प्रणाली जँगो ४.२ (पायथनमधील वेब-चौकट) आणि पोस्टग्रेस १६ (डेटाबेस) यांवर चालते. जँगो ४.२ ला मिळणारे सुरक्षा-सुधार एप्रिल २०२६ पर्यंतच मिळणार असल्याने ती ५.२ वर नेण्याचे काम हाती घेतले आहे. बाकीचा बदल सरळ आहे. अडचण आहे ती रोमन लिपीतील लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न मानणाऱ्या तीन कॉलमांची: सभासदाचा ईमेल, पुस्तकांना लावलेले विषयशब्द आणि शाखांचे संकेत. हे तिन्ही कॉलम जँगोच्या पोस्टग्रेस विभागातील सीआयईमेलफील्ड आणि सीआयकॅरफील्ड वापरून लिहिलेले आहेत आणि डेटाबेसमध्ये त्यांचा प्रकार सीआयटेक्स्ट, म्हणजे तुलना करताना अक्षरांचा आकार न पाहणारा मजकूर, असा आहे.

ही फील्ड्स जँगो १.११ मध्ये, म्हणजे २०१७ साली आली, ४.२ मध्ये कालबाह्य ठरवली गेली आणि २०२४ च्या ५.१ मध्ये काढून टाकली गेली. ४.२ वर असताना डब्ल्यू९०५ आणि डब्ल्यू९०६ या सूचना सतत दिसत होत्या. कोणीतरी त्या सेटिंग्जमध्ये गप्प करून ठेवल्या होत्या. ५.२ वर त्याच सूचना ई९०५ आणि ई९०६ या चुका होऊन समोर येतात आणि प्रणाली सुरूच होत नाही. एक दिलासा असा की जुनी मायग्रेशन्स (डेटाबेसच्या रचनेतील बदल नोंदवणाऱ्या फायली) बदलावी लागत नाहीत, कारण या फील्ड्सचे सांगाडे केवळ मायग्रेशनच्या इतिहासासाठी जँगोने शिल्लक ठेवले आहेत.

सूचनेतच उपाय सुचवलेला आहे: साधे कॅरफील्ड किंवा ईमेलफील्ड घ्या आणि डीबी_कोलेशन म्हणून भेद न मानणारे, नॉन-डिटरमिनिस्टिक कोलेशन द्या. कोलेशन म्हणजे मजकुराची तुलना आणि क्रम ठरवणारे नियम; नॉन-डिटरमिनिस्टिक म्हणजे बाइट्स वेगळे असले तरी दोन शब्द समान मानू शकणारे. प्रथमदर्शनी तिन्ही कॉलम एका मायग्रेशनमध्ये आटोपतील असे वाटले.

७ ऑक्टोबर २०२५

कोलेशनकडे वळण्यापूर्वी सीआयटेक्स्टच ठेवता येईल का, हे तपासले. सीआयटेक्स्ट हे पोस्टग्रेसचे एक्स्टेन्शन आहे आणि ते कुठेही गेलेले नाही. गेली आहेत ती फक्त जँगोची फील्ड्स. कॅरफील्डचा उपवर्ग करून त्याच्या डीबी_टाइप या मेथडमधून 'सीआयटेक्स्ट' एवढेच परत दिले की काम चालते, आणि ते चाललेही. मात्र दोन गोष्टी आढळल्या, ज्यांमुळे हा मार्ग सोडला.

पहिली गोष्ट सर्च-पाथची, म्हणजे पोस्टग्रेस ज्या स्कीमांत (डेटाबेसमधील कप्प्यांत) नावे शोधते त्यांच्या यादीची. सीआयटेक्स्टची तुलनाचिन्हे ज्या स्कीमात बसवलेली असतात ती स्कीमा सर्च-पाथमध्ये नसेल, तर पोस्टग्रेस चूक दाखवत नाही, तर गुपचूप साध्या टेक्स्टची तुलना वापरते. चाचणीच्या सर्व्हरवर अहवाल काढणाऱ्या वापरकर्त्याचा सर्च-पाथ मर्यादित केलेला आहे, आणि तेथे तोच ईमेल मोठ्या अक्षरांत शोधला की शून्य ओळी येतात. लाल अक्षरांत काही दिसले असते तर कोणी दुरुस्त केले असते. शून्य ओळींकडे मात्र 'सभासद नाही' असे समजून सगळेच दुर्लक्ष करतात.

दुसरी गोष्ट क्वेरीला दिलेल्या मूल्यांच्या प्रकाराची. सीआयटेक्स्ट कॉलमाची तुलना ज्याचा प्रकार ठरलेला नाही अशा मजकुराशी केली तर तो मजकूर सीआयटेक्स्ट मानला जातो. पण समोरचे मूल्य टेक्स्ट किंवा व्हारकॅर म्हणून जाहीर होऊन आले, तर सीआयटेक्स्टचेच टेक्स्टमध्ये रूपांतर होते आणि तुलना अक्षरभेद मानू लागते. पायथनकडून येणारी मूल्ये प्रकार न ठरवता येत असल्याने जँगोच्या बाजूला हे कधी जाणवले नाही. अहवालाचे साधन मात्र जावामधील आहे आणि जेडीबीसी चालक स्ट्रिंग पाठवताना तिचा प्रकार व्हारकॅर सांगतो. जोडणीच्या पत्त्यात स्ट्रिंगटाइप हा पर्याय 'अनस्पेसिफाइड' ठेवला की प्रश्न सुटतो, पण डेटाबेसशी बोलणाऱ्या प्रत्येक साधनाला असे समजावत बसावे लागत असेल, तर कॉलमाच्या प्रकारात ही हमी ठेवण्याचा फायदा काय उरला?

९ ऑक्टोबर २०२५

सुचवलेला मार्ग ईमेलच्या कॉलमावर करून पाहिला. जँगोमध्ये क्रिएटकोलेशन ही मायग्रेशनची क्रिया आहे. तिला नाव, लोकेल म्हणून 'अंड-यू-केएस-लेव्हल२', प्रोव्हायडर म्हणून आयसीयू (यूनिकोडचे नियम पुरवणारी लायब्ररी) आणि डिटरमिनिस्टिकसाठी फॉल्स द्यायचे. प्रोव्हायडर लिहिला नाही तर जँगो लिबसी (कार्यप्रणालीची लायब्ररी) धरते आणि पोस्टग्रेस चूक दाखवते, कारण नॉन-डिटरमिनिस्टिक कोलेशन केवळ आयसीयूवरच चालते. ही सोय पोस्टग्रेस १२ पासून आहे. लेव्हल२ चा अर्थ असा की मूळ अक्षर आणि त्यावरील आघातचिन्हे (जसे é मधले) यांचा भेद मोजायचा, लहान-मोठ्या आकाराचा भेद तिसऱ्या पातळीवर असल्याने तो सोडून द्यायचा.

कॉलम बदलणारे मायग्रेशन विनातक्रार चालले. युनिक असलेल्या कॅरफील्डसाठी जँगो एरवी लाइक-शोधाकरिता, म्हणजे अर्धवट मजकुराच्या शोधासाठी, व्हारकॅर_पॅटर्न_ऑप्सचा आणखी एक इंडेक्स बनवते. असे कोलेशन त्या इंडेक्सला चालत नाही, हे जँगो डेटाबेसला विचारून ओळखते आणि तो इंडेक्स वगळते. लॉगिन चालले, नोंदणी चालली, मोठ्या अक्षरांत लिहिलेला जुना ईमेल पुन्हा नोंदवायचा प्रयत्न केला तर नकारही मिळाला. संध्याकाळी ग्रंथपालांनी चाचणी-सर्व्हरवर प्रशासन-पानातील शोधपेटीत एका सभासदाचे अर्धे नाव टाकले आणि पान ५०० क्रमांकाच्या सर्व्हर-चुकीने कोसळले. नोंदवहीतील संदेशाचा अर्थ स्पष्ट होता: नॉन-डिटरमिनिस्टिक कोलेशनवर लाइक चालत नाही.

प्रशासन-पानातील शोध आयकंटेन्स (अक्षरभेद न मानता मजकुरात कुठेही शोधणे) वापरतो आणि जँगो त्याचे भाषांतर 'अपर(ईमेल::टेक्स्ट) लाइक अपर(…)' असे करते. टेक्स्टमध्ये रूपांतर केले म्हणून कोलेशन सुटत नाही, ते कॉलमामागोमाग येतेच. उपाय आहे: गेट_क्वेरीसेटमध्ये कोलेट हे फंक्शन वापरून ईमेलची डिटरमिनिस्टिक कोलेशन असलेली प्रत ॲनोटेट करायची आणि शोध तिच्यावर लावायचा. तसे केले आणि तेवढे पान सुधारले. पण आयकंटेन्स, स्टार्ट्सविथ असे शोध प्रशासन-पानाबाहेर सूचनांच्या विभागात, फिल्टरांत आणि निर्यातीच्या आज्ञांतही विखुरलेले आहेत, आणि पुढे नवा शोध लिहिणाऱ्याला ही अट आठवेलच असे नाही. पोस्टग्रेस १८ मध्ये, म्हणजे गेल्याच महिन्यात, अशा कोलेशनवर लाइक चालू लागले आहे. आमचा यजमान सर्व्हर मात्र १६ वर आहे आणि जँगो व पोस्टग्रेस दोन्ही एकाच वेळी बदलण्याची माझी तयारी नाही. ज्यांच्याकडे १८ आहे, त्यांनी येथपर्यंतचा भाग माझ्याइतका मनाला लावून घेण्याचे कारण नाही.

१३ ऑक्टोबर २०२५

विषयशब्दांच्या कॉलमावर तेच कोलेशन लावताना मायग्रेशन अर्ध्यातच थांबले. युनिक इंडेक्स बनत नाही, कारण 'दर्या' हे मूल्य दोनदा आहे, असा संदेश आला. हा कॉलम सीआयटेक्स्ट असताना त्यावर युनिकची अट वर्षानुवर्षे होती, तेव्हा दुबार नोंद असणे शक्यच नव्हते, आणि देवनागरीत तर लहान-मोठे अक्षर हा प्रकारच नाही. टेबलात पाहिले तर खरोखरच दोन नोंदी होत्या: एक 'दर्या' आणि दुसरी 'दर्‍या'. एकीखाली सागरी प्रवासाची पुस्तके, दुसरीखाली सह्याद्रीतील भटकंतीची.

दोन्ही मूल्यांचे बाइट्स हेक्समध्ये काढल्यावर उलगडा झाला. दुसऱ्या शब्दात हलन्तानंतर ई२ ८० ८डी असे तीन बाइट्स आहेत. तो झीरो विड्थ जॉइनर, यूनिकोड यू+२००डी. टंकलेखन करणाऱ्याच्या कळफलकाने र, हलन्त, जॉइनर आणि य अशा क्रमाने दऱ्यातला र लिहिला आहे. आयसीयूच्या वर्णक्रमात या जॉइनरला कोणत्याच पातळीवर वजन नाही, तो पूर्णपणे दुर्लक्षित होतो. डिटरमिनिस्टिक कोलेशनमध्ये आयसीयूने दोन शब्द सारखे ठरवले तरी पोस्टग्रेस शेवटी बाइट्स ताडून पाहते, म्हणून ते वेगळे राहतात. नॉन-डिटरमिनिस्टिक म्हणजे हीच शेवटची ताडणी काढून टाकणे. आपण तिला काढायला सांगतो ते रोमन अक्षरांच्या आकारासाठी, पण ती जाते सगळ्याच लिपींसाठी.

लेव्हल३ केले तरी जॉइनरचे काही बदलत नाही, आणि मग रोमनचा मूळ हेतूही साधत नाही. म्हणजे मराठी मजकूर असलेल्या कॉलमावर हे कोलेशन लावणाऱ्याने आधी आपल्या डेटात यू+२००डी आणि यू+२००सी (झीरो विड्थ नॉन-जॉइनर) किती आहेत, हे मोजून घ्यावे. युनिकची अट असल्यामुळे मला हे निदान कळले. अट नसती, तर दऱ्यांची पुस्तके शोधणाऱ्याला समुद्राची पुस्तके मिळाली असती आणि प्रणाली पूर्ण आत्मविश्वासाने चालू राहिली असती.

१५ ऑक्टोबर २०२५

विषयशब्दांसाठी कोलेशनचा विचार सोडला. आता कॉलम साधा व्हारकॅर आहे आणि मॉडेलमध्ये युनिककन्स्ट्रेंट दिले आहे, कॉलमाच्या नावावर नव्हे तर लोअर(नाव) या पदावर. पदावर आधारलेली अशी अट जँगोमध्ये ४.० पासून देता येते आणि पोस्टग्रेसमध्ये ती युनिक इंडेक्स म्हणून उतरते. लोअर देवनागरीला हात लावत नाही, रोमन शब्दांचा भेद मिटवतो; हवे होते तेवढेच.

जॉइनरचा प्रश्न मात्र उघडकीस आला होता, तेव्हा तोही निकालात काढणे भाग होते. दऱ्यातला र दोन प्रकारे लिहिलेला सापडतो: र, हलन्त आणि जॉइनर असा, किंवा ऱ आणि हलन्त असा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यूनिकोड मानकात ऱ आणि हलन्त हे मूळ लेखन सांगितले आहे आणि जॉइनरचे लेखन आवृत्ती २.० शी सुसंगती राखण्यासाठी चालू ठेवले आहे. म्हणून 'र, हलन्त, जॉइनर' हा क्रम सापडला की त्या जागी 'ऱ, हलन्त' ठेवायचे, त्यानंतर उरलेले जॉइनर आणि नॉन-जॉइनर विषयशब्दांपुरते काढून टाकायचे आणि शेवटी एनएफसी, म्हणजे यूनिकोडने ठरवलेले प्रमाणित, रूप घ्यायचे, असे एक छोटे फंक्शन लिहिले. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी सगळे जॉइनर काढले, तर तऱ्हा आणि कुऱ्हाड यांच्या डोक्यावर रफार चढतो. एनएफसीबद्दल एक सांगण्यासारखे: नुक्ता असलेली ज़, फ़ यांसारखी एकसंध अक्षरे एनएफसीमध्ये जुळत नाहीत, उलट सुटी होतात, ते बरोबरच आहे, फक्त ते पाहून कोणी दचकू नये.

हे फंक्शन कॅरफील्डच्या उपवर्गात गेट_प्रेप_व्हॅल्यूमध्ये बसवले, म्हणजे साठवताना आणि शोधताना दोन्ही वेळा मजकूर त्याच गाळणीतून जाईल अशी अपेक्षा होती. नेमक्या मूल्याचा शोध, म्हणजे एग्झॅक्ट आणि इन, तसा वागला. आयएग्झॅक्ट (अक्षरभेद न मानणारा नेमका शोध) आणि कंटेन्सच्या जातीचे सगळे शोध मात्र वागले नाहीत. जँगोच्या लुकअप वर्गांत प्रेपेअर_आरएचएस नावाचा एक गुणधर्म आहे आणि आयएग्झॅक्ट व पॅटर्नलुकअप यांत तो फॉल्स आहे. त्यामुळे या शोधांत उजवीकडचे मूल्य फील्डच्या गेट_प्रेप_व्हॅल्यूपर्यंत पोहोचतच नाही. दुपार गेली ती आपलेच फंक्शन चुकीचे आहे असे समजून त्याची चिरफाड करण्यात. शेवटी शोधाच्या फॉर्ममध्येच, क्लीन पद्धतीत, मजकूर गाळून घेतला. याहून सुबक मार्ग म्हणजे त्या फील्डसाठी स्वतःचे लुकअप नोंदवणे. पण शोधाचा फॉर्म एकच आहे, तेव्हा तेवढा खटाटोप केला नाही.

जुन्या नोंदी बदलताना काही जोड्या एकत्र आल्या: 'दऱ्या' दोन्ही लेखनपद्धतींत वेगवेगळा नोंदला गेला होता. त्या पुस्तकांसह एकत्र केल्या. 'दर्या' स्वतंत्र राहिला.

१७ ऑक्टोबर २०२५

ईमेलसाठीही लोअरवरची युनिक अट घेतली. सगळे ईमेल सरसकट लहान अक्षरांत साठवावेत असा पर्याय सुचवला गेला होता. आरएफसी ५३२१ नुसार पत्त्यातील ॲट चिन्हापूर्वीचा भाग अक्षरभेद मानणारा आहे, आणि जँगोचे नॉर्मलाइझ_ईमेल म्हणूनच केवळ डोमेनचा भाग लहान करते. व्यवहारात असा भेद करणारा मेल सर्व्हर क्वचितच भेटेल. तरी सभासदाने दिलेला पत्ता त्याने दिला तसाच ठेवावा आणि तुलनेपुरताच भेद मिटवावा, हे मला अधिक पटते.

अट लावल्यावर लक्षात आले की आयएग्झॅक्ट या इंडेक्सकडे ढुंकूनही पाहत नाही. पोस्टग्रेसवर जँगो आयएग्झॅक्टचे रूपांतर अपरमध्ये करते आणि इंडेक्स आहे लोअरवर. पोस्टग्रेसच्या दृष्टीने ही दोन असंबंधित पदे आहेत. एक्सप्लेन, म्हणजे क्वेरी कशी चालेल याचा आराखडा, पाहताना टेबल लहान असेल तर तसेही क्रमशः वाचन दिसते, म्हणून सत्रापुरते एनेबल_सीक्स्कॅन बंद करून आणि आधी ॲनालाइझ चालवून पाहावे, म्हणजे इंडेक्स जुळतो की नाही, एवढे तरी नक्की कळते.

मग अट अपरवरच का नाही लावली? त्याचे उत्तर जँगोच्याच इतिहासात आहे. डिसेंबर २०१९ मध्ये सीव्हीई-२०१९-१९८४४ या क्रमांकाने एक त्रुटी जाहीर झाली. तुर्की भाषेतील बिनटिंबाचा आय, यू+०१३१, मोठा केला की साध्या रोमन मोठ्या आयसारखाच होतो. तेवढ्याच फरकाचा पत्ता स्वतःच्या नावे घेऊन पासवर्ड-बदलाची विनंती केली, तर आयएग्झॅक्ट दुसऱ्याचे खाते शोधून देत असे आणि दुवा विनंतीत टंकलेल्या पत्त्यावर जात असे. ३.०.१, २.२.९ आणि १.११.२७ या आवृत्त्यांत त्यावर दुरुस्ती आली: आता सापडलेला पत्ता पायथनमध्ये पुन्हा ताडला जातो आणि मेल खात्यात नोंदलेल्या पत्त्यावरच जातो. लोअर केले तर बिनटिंबाचा आय तसाच राहतो आणि हे दोन पत्ते वेगळे ठरतात. तुलनेला अपरपेक्षा लोअर कमी घातक आहे, एवढे म्हणण्याइतका पुरावा मला पुरेसा वाटला.

शोधासाठी कॅरफील्डवर लोअर हे ट्रान्सफॉर्म नोंदवले. ईमेलफील्ड त्याचाच उपवर्ग असल्याने वेगळे काही करावे लागत नाही. आता फिल्टरमध्ये 'ईमेल__लोअर' असे लिहिता येते आणि उजव्या बाजूला पायथनचे लोअर न वापरता डेटाबेसचेच लोअर(व्हॅल्यू(…)) द्यावे. टिंब असलेला मोठा तुर्की आय पायथन दोन कोडपॉइंटमध्ये मोडते, डेटाबेस आपल्या लोकेलप्रमाणे वागतो; दोन्ही बाजूंचे रूपांतर एकाच ठिकाणी झाले म्हणजे हा वाद उद्भवत नाही.

२० ऑक्टोबर २०२५

सीआयईमेलफील्ड गेल्यावर जे जे आपोआप होत होते ते सगळे आता हाताने करावे लागते, याची यादी चाचणी-सर्व्हरवर वाढतच गेली.

लॉगिन सर्वांत आधी मोडले. वापरकर्ता शोधणारे गेट_बाय_नॅचरल_की हे नेमका शोध घेते. मोबाइलच्या कळफलकाने पहिले अक्षर आपणहून मोठे केले की सभासद आत येऊ शकत नव्हता. आमच्या चाचण्यांनी हे पकडले नाही, कारण त्यांतील सगळे नमुना-ईमेल लहान अक्षरांतच होते. मॅनेजरमध्ये ही मेथड नव्याने लिहिली आणि चाचण्यांतील अर्ध्या पत्त्यांत मोठी अक्षरे घातली.

लोअरवर अट आहे, तर कॉलमावरचे युनिक कशाला, म्हणून ते काढले, तर ऑथ.ई००३ ही चूक आली. युझरनेम_फील्ड युनिक आहे की नाही, हे तपासताना जँगो पदावरच्या अटी जमेस धरत नाही. युनिक परत ठेवले. एका ईमेलपायी आता तीन इंडेक्स आहेत: युनिकचा, लाइकचा आणि लोअरचा. आमच्या टेबलाच्या आकाराला हे परवडते.

नोंदणीच्या फॉर्ममध्ये दुबार ईमेलची चूक ईमेलच्या चौकटीशेजारी न येता फॉर्मच्या माथ्यावर, अटीच्या नावासह येऊ लागली. अटी फॉर्ममध्ये तपासल्या जाणे हे ४.१ पासूनच आहे आणि व्हायोलेशन_एरर_मेसेज देऊन मजकूर मराठीत करता येतो, पण पदावरच्या अटीची चूक कोणत्याही एका फील्डला चिकटत नाही. म्हणून फॉर्मच्या क्लीन_ईमेलमध्ये वेगळी तपासणी घातली. एकाच क्षणी दोन विनंत्या आल्या तर अडवायला डेटाबेसची अट आहेच.

रात्रीची आयात हा सर्वांत किचकट भाग ठरला. महाविद्यालयाकडून येणाऱ्या यादीतील सभासद बल्क_क्रिएटने भरले जातात आणि आधीच असलेले असतील तर ईमेल जुळवून अद्ययावत होतात. त्यामागे 'ऑन कॉन्फ्लिक्ट (ईमेल)' अशी क्वेरी बनते आणि ती ईमेलवरच्या साध्या युनिक इंडेक्सपुरतीच बघते. अक्षरांच्या आकाराने वेगळा असलेला पत्ता आला की टक्कर लोअरच्या इंडेक्सवर होते, जिच्याबद्दल क्वेरीत काही सांगितलेले नसते, आणि संपूर्ण तुकडी परत फिरते. युनिक_फील्ड्समध्ये पद देण्याची सोय नाही. आता आयात आधी लोअरने असलेले सभासद काढते आणि 'नवे' व 'बदललेले' असे दोन गठ्ठे करून ते वेगवेगळे पाठवते. गेट_ऑर_क्रिएटची अवस्थाही तशीच आहे: नेमका शोध अपयशी, निर्मिती अटीवर आपटते, पुन्हा नेमका शोध अपयशी, आणि शेवटी इंटेग्रिटीएरर. तेथे गेटला लोअरचा शोध आणि डीफॉल्ट्समध्ये ईमेल दिला.

२४ ऑक्टोबर २०२५

उरला शाखांच्या संकेतांचा कॉलम. हे संकेत तीन-चार रोमन अक्षरांचे आहेत, त्यांत अर्धवट शोध कोणी घेत नाही आणि मराठी मजकूर नाही. नॉन-डिटरमिनिस्टिक कोलेशनसाठी याहून योग्य कॉलम सापडणार नाही, असे मानून तेच लावले. हा संकेत प्रायमरी की आहे आणि प्रती, सभासद व देवघेव अशी बरीच टेबले त्याला फॉरेन कीने जोडलेली आहेत.

जुनी एक तक्रार यानिमित्ताने उकलली. कोथरूड शाखेच्या काही प्रतींपुढे यादीत शाखेचे नाव रिकामे दिसते, प्रत उघडली की मात्र नाव दिसते, अशी ती तक्रार होती. प्रतीच्या टेबलात संकेत लहान अक्षरांत आहे, शाखेच्या टेबलात मोठ्या. डेटाबेसच्या मते दोन्ही एकच, म्हणून फॉरेन की समाधानी आणि जॉइनही बरोबर. यादीचे पान मात्र प्रीफेच_रिलेटेड वापरते आणि त्यात जोडणी पायथनच्या डिक्शनरीत होते, जेथे लहान आणि मोठी अक्षरे वेगळीच असतात. डेटाबेसने शाखा आणून दिली आणि जँगोच्या ओआरएमने (टेबलांना पायथनच्या वस्तूंशी जोडणाऱ्या थराने) ती ओळखली नाही. इन_बल्कमध्येही हेच होते. हा दोष सीआयटेक्स्टच्या काळापासून होता आणि कोलेशन बदलल्याने तो जाणार नव्हता. डॉटनेटच्या एंटिटी फ्रेमवर्क कोअरलाही हाच आजार आहे: एसक्यूएल सर्व्हरची नेहमीची कोलेशन्स भेद मानत नाहीत, तर त्याचा चेंज ट्रॅकर स्ट्रिंग किल्ल्या अक्षरशः ताडतो, आणि मग तुलनेचे नियम मॉडेलमध्ये वेगळे लिहावे लागतात.

म्हणून संकेत मोठ्या अक्षरांतच साठवायचे आणि 'संकेत = अपर(संकेत)' अशी चेककन्स्ट्रेंट घालायची ठरवली. अट लागली, मग मुद्दाम लहान अक्षरांतला संकेत घालून पाहिला, तर तोही बिनबोभाट आत गेला. कारण उघड आहे, पण ते घडल्यावर उघड होते: ज्या कोलेशनला दोन्ही आकार समान वाटतात, त्याच कोलेशनखाली ही समानता तपासली जाते, तेव्हा अट नेहमीच खरी ठरते. जुन्या सीआयटेक्स्ट कॉलमावर मात्र हीच ओळ लहान अक्षरांना अडवते, कारण अपर टेक्स्ट परत देते आणि तुलना टेक्स्टची होते. अटीत कोलेट घालून 'सी' कोलेशन दिले तर ती खरी तपासणी करते. पण संकेत नेहमी मोठ्या अक्षरांत असणार असतील, तर कॉलमाला वेगळ्या कोलेशनची गरजच उरत नाही. कोलेशन काढले. साधा व्हारकॅर, त्यावर चेककन्स्ट्रेंट, आणि फॉर्ममध्ये अपर. ५.१ पासून चेककन्स्ट्रेंटमध्ये 'चेक'ऐवजी 'कंडिशन' लिहायचे असते. जुन्या शब्दाला ५.२ मध्ये केवळ सूचना मिळते.

अशा रीतीने सूचनेत सुचवलेले कोलेशन तीनपैकी एकाही कॉलमावर टिकले नाही.

३१ ऑक्टोबर २०२५

खऱ्या डेटाच्या प्रतीवर रंगीत तालीम केली. त्यासाठी भाड्याने घेतलेला जादा सर्व्हर हाच या कामातील वेळेखेरीजचा एकमेव खर्च, आणि तो वसूल झाला. शाखांचे मायग्रेशन 'पेंडिंग ट्रिगर इव्हेंट्स'च्या चुकीवर अडले. एकाच व्यवहारात आधी संकेत मोठे करणारे अपडेट आणि लगेच त्याच टेबलाचा कॉलम-प्रकार बदलणारे ऑल्टर असा तो क्रम होता. जँगोच्या फॉरेन की लांबणीवर टाकलेल्या असतात, त्यांची तपासणी बाकी असताना पोस्टग्रेस टेबलाला हात लावू देत नाही. डेटा बदलणारे आणि रचना बदलणारे अशी दोन मायग्रेशन्स केली. क्रम मात्र हाच हवा. रचना आधी बदलली, तर साध्या व्हारकॅरला लहान-मोठे संकेत एक वाटत नाहीत आणि फॉरेन की पुन्हा बसत नाही.

प्रकार बदलताना टेबलावर पूर्ण कुलूप लागते आणि त्यावरचे इंडेक्स नव्याने बांधले जातात. आमची टेबले त्या मानाने लहान आहेत. मोठ्या टेबलासाठी लोअरचा युनिक इंडेक्स आधी कॉन्करंटली बनवावा आणि सेपरेटडेटाबेसअँडस्टेट वापरून त्याच नावाची अट जँगोला केवळ कळवावी.

३ नोव्हेंबर २०२५

रविवारी रात्री, ग्रंथालय बंद असताना, बदल चालू प्रणालीवर नेला. आयात सुरळीत झाली. सकाळी एका सभासदाचे लॉगिन होत नसल्याचा फोन आला, पण त्याने पासवर्डच चुकीचा दिला होता.

दोन गोष्टी शिल्लक आहेत. पासवर्ड-बदलाचा फॉर्म आतून आयएग्झॅक्टच वापरतो, म्हणजे तेथे लोअरचा इंडेक्स लागत नाही आणि दर विनंतीला सगळे टेबल वाचले जाते. दिवसाला मोजक्या विनंत्या येत असल्याने त्याला हात लावलेला नाही. सीआयटेक्स्ट हे एक्स्टेन्शनही अजून काढलेले नाही, कारण जुनी मायग्रेशन्स रिकाम्या डेटाबेसवर पहिल्यापासून चालवताना त्यांना तो प्रकार लागतो. मायग्रेशन्स स्क्वॉश झाली, म्हणजे एकत्र केली गेली, की एक्स्टेन्शन काढण्याची क्रिया त्यानंतरच्या पहिल्या मायग्रेशनमध्ये घालायची आहे.